पाच कपाटांतले कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं लेखन कोणतं, असं विचारलं तर इतिहासाचा माणूस १९५६ साली आलेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरच्या ग्रंथाचं नाव घेईल. संस्कृतचा अभ्यासक भर्तृहरी या प्राचीन कवीच्या शतककाव्यांची आवृत्ती पुढे करेल. भूमितीत काम करणारा कुणी असेल तर १९३३ मधला जर्मन नियतकालिकातला लेख सांगेल. माझ्या मते तो मान या तिघांपैकी कुणालाच मिळत नाही. तो जातो 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या ब्रिटिश नियतकालिकातल्या चार पानांच्या एका लेखाकडे. हा लेख महायुद्धाच्या काळात छापला गेला, त्यामुळे कुणी त्याचं साल १९४३ देतं, कुणी १९४४. विषय आहे आनुवंशिकी. कोसंबी त्या वेळी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते.

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केली. उत्तरार्धात पुस्तकांपेक्षा तक्त्यांशी माझा जास्त संबंध आला. नॅकची, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, फेरी जवळ आली की कोणत्या प्राध्यापकाचे किती शोधनिबंध, स्कोपस या सूचीत किती सायटेशन्स (इतरांच्या लेखांतले उल्लेख), त्यावरून काढलेला एच-इंडेक्स किती, हे गोळा करून द्यायचं काम आमच्याकडे यायचं. कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फायली घेऊन लोक दुपारी येऊन बसायचे. त्यात एक संस्कृतचे सर होते. आयुष्यभर एका ग्रंथाच्या हस्तलिखितांवर बसलेले. त्यांच्या नावापुढे भरायला माझ्याकडे शून्याशिवाय काही नसायचं, कारण त्यांचं काम ज्या मालिकांत छापलं गेलं त्यांची नोंद त्या यंत्रणेत होतच नव्हती. त्याच तक्त्यात त्यांच्या खालच्या ओळीत नुकत्याच लागलेल्या एका पदार्थवैज्ञानिकाचा आकडा शेकड्यांत असायचा. तो मुलगाही गुणी होता, त्याचा काही दोष नव्हता. पण ते दोन आकडे एकाखाली एक लिहिताना मला फार त्रास व्हायचा, कारण एकाखाली एक लिहिलं की वाचणारा त्यांची तुलना करणारच.

त्या त्रासातूनच मी कोसंबींकडे वळले. एकच माणूस इतक्या विषयांत वावरला असेल, तर त्याच्या कामाचा माग काढून या मोजणीला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते कळेल, असं मला वाटलं.

आधी त्या चार पानांबद्दल. गुणसूत्रावर दोन जनुकं जवळजवळ असतील तर पुढच्या पिढीत ती सहसा जोडीनं जातात. लांब असतील तर त्यांची ताटातूट जास्त वेळा होते. ताटातुटीचं प्रमाण मोजून अंतर काढता येईल आणि गुणसूत्राचा नकाशा मांडता येईल, ही युक्ती न्यूयॉर्कला मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये करून दाखवली. अडचण एकच होती. दोन जनुकांच्या मध्ये एकाऐवजी दोन अदलाबदली झाल्या तर जनुकं पुन्हा एकत्र येतात, आणि मोजणाऱ्याला वाटतं की काही घडलंच नाही. म्हणजे लांबचं अंतर नेहमी कमी भरतं. १९१९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी यावर सूत्र दिलं, पण त्यात एक अदलाबदल दुसरीच्या आड येत नाही असं गृहीत होतं. प्रत्यक्षात ती येते. एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी शेजारी दुसरी होणं अवघड असतं, आणि जसजसं लांब जावं तसतशी ही आडकाठी संपते. कोसंबींनी ही बदलत जाणारी आडकाठी सूत्रात बसवली. निघालेलं सूत्र इतकं आटोपशीर आहे की अकरावी-बारावीचं गणित झालेल्या मुलाला ते वापरता येईल. ताटातूट २५ टक्के दिसली तर हाल्डेन यांच्या हिशेबानं अंतर सुमारे ३४.७ सेंटीमॉर्गन (या नकाशावरच्या अंतराचं एकक) येतं, कोसंबींच्या हिशेबानं २७.५. एवढा फरक नकाशात पुढे सगळीकडे पसरत जातो.

पुढे असे नकाशे काढणारी मॅपमेकर, जॉइनमॅप अशी सॉफ्टवेअर्स आली, आणि त्यांत हाल्डेन की कोसंबी असा पर्याय आला. भात, गहू, ज्वारी, तूर, कुठल्याही पिकाच्या लिंकेज मॅपचा, म्हणजे जनुकांच्या अशा नकाशाचा, शोधनिबंध उघडा, 'कोसंबी फंक्शन वापरून' हे शब्द बहुधा भेटतातच. किती तरी ठिकाणी मूळ लेख संदर्भसूचीत नसतो, सॉफ्टवेअरचा असतो. आमच्याकडे शेजारच्या कृषी महाविद्यालयातली मुलं प्रबंधाच्या कामाला यायची. ज्वारीवर काम करणाऱ्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "मॅडम, हे कोसंबी फंक्शन म्हणजे कुणाचं नाव आहे का?" मी तिला इतिहासाच्या कपाटाकडे नेलं. डी. डी. कोसंबींची पुस्तकं हातात घेऊन ती बराच वेळ उभी होती. तिची शंका तिथे मिटली नाही, उलट वाढली. हा तोच माणूस कसा, असं ती पुनःपुन्हा विचारत राहिली. मला तो प्रश्न फार आवडला. हा प्रश्न विचारायला लावणारा एकही रकाना आमच्या तक्त्यात नव्हता.

खरं तर कोसंबींना तोडण्याचं काम सायटेशनच्या यंत्रणेनं सुरू केलेलं नाही, ते आम्ही ग्रंथपालांनी आधीच केलं होतं. ड्यूई दशांश पद्धतीनं गणित ५१० मध्ये, आनुवंशिकी ५७६ मध्ये, नाणकशास्त्र ७३७ मध्ये, संस्कृत साहित्य ८९१ मध्ये आणि प्राचीन भारताचा इतिहास ९३४ मध्ये. पाच कपाटं, त्यांतली दोन तर वेगळ्या मजल्यांवर. शोध घ्यायचा तर नावानं घ्यावा, तर 'कोसंबी' हे आडनाव टाकल्यावर तीन पिढ्या एकदम समोर येतात. वडील धर्मानंद, गोव्यातून बुद्धाच्या शोधात घर सोडून गेलेले, पालीचे पंडित, हार्वर्डला विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावलेले. मुलगा दामोदर. आणि नात मीरा कोसंबी, समाजशास्त्रज्ञ, पंडिता रमाबाईंवरच्या कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या. शिवाय दामोदर कोसंबींनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत अविभाज्य संख्यांवरचे काही लेख 'एस. दुक्रे' या टोपणनावानं छापले. नावावरून मोजणाऱ्या यंत्राला हे लेख दुसऱ्याच कुणाचे तरी वाटणार.

सायटेशन इंडेक्स ही कल्पना मुळात मला अतिशय प्रिय आहे, हे इथे सांगायला हवं. युजिन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' मध्ये ती मांडली. अमेरिकेतल्या वकिलांकडे १८७३ पासून एक सोय होती. एखाद्या जुन्या निकालाचा पुढच्या कोणकोणत्या निकालांत आधार घेतला गेला, हे शेपर्ड यांच्या सूचीत सापडायचं. गारफिल्ड म्हणाले, विज्ञानातही असं करू. विषयवार सूचीत एखादी कल्पना आपल्याच कप्प्यात अडकून पडते, पण कुणी कुणाचा आधार घेतला याची सूची केली तर कल्पना एका शास्त्रातून दुसऱ्यात कशी गेली ते दिसेल. म्हणजे हे साधन विषयांच्या भिंती ओलांडणाऱ्या विचाराचा माग काढण्यासाठीच जन्माला आलं. सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ पासून नियमित निघू लागला. कोसंबी १९६६ मध्ये गेले. पुढे त्याच सामग्रीतून नियतकालिकांचं वजन मोजणारा इम्पॅक्ट फॅक्टर आला, २००५ मध्ये पदार्थवैज्ञानिक होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स दिला, आणि माग काढायचं साधन गुण द्यायचं साधन झालं. एच-इंडेक्स १० म्हणजे किमान १० सायटेशन्स असलेले १० शोधनिबंध. एका निबंधाला हजारो सायटेशन्स असोत की दहा, त्या एककाला फरक पडत नाही. चार पानांच्या लेखानं जगभरच्या शेतीसंशोधनाला उपयोगी पडावं आणि एच-इंडेक्समध्ये त्याची भर एक, एवढीच.

विषयांच्या रीती वेगळ्या असतात हेही त्या आकड्यात बुडून जातं. जीवशास्त्रातले शोधनिबंध लांबलचक संदर्भसूची देतात, पुष्कळ लेखक मिळून लिहितात. गणितात पाच-दहा नावांवर भागतं आणि निबंध पन्नास वर्षांनीही ताजा असतो. इतिहासात आणि संस्कृतविद्येत खरं काम ग्रंथांत होतं, आणि ग्रंथांची नोंद या सूच्यांनी कितीतरी उशिरा आणि अपुरी घेतली.

कोसंबींच्या गणिताचं उदाहरण घ्या. १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला. कारण नसताना वर-खाली होतेय असं भासणारी वक्ररेषा, मग ती हवेच्या झोताची असो की आवाजाची, काही मोजक्या मूळ आकारांच्या बेरजेत कशी मांडायची आणि ते आकार असे कसे निवडायचे की थोडक्यातच बहुतेक सगळं सामावेल, असा त्याचा आशय. आज ही पद्धत चित्रं आणि संकेत साठवण्यापासून हवेतल्या खळबळीच्या अभ्यासापर्यंत वापरली जाते, आणि तिला नाव आहे कारहुनेन-लोएव्ह विस्तार. फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी ती त्याच दशकात, कोसंबींच्या मागाहून, स्वतंत्रपणे शोधली. युद्धाच्या दिवसांत भारतातलं एक नियतकालिक युरोपात कोण वाचणार? बंगळूरचे वायुगतिकीतज्ज्ञ रोद्दम नरसिंह यांनी २०११ मध्ये 'रेझोनन्स' मध्ये या लेखाबद्दल सविस्तर लिहिलं, आणि आता काही जण तिघांची नावं जोडून घेतात. भूमितीतल्या त्यांच्या कामाचं नशीब जरा बरं. १९३३ मध्ये 'मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट' मध्ये त्यांचा लेख आला आणि त्याच्या पाठोपाठ त्याच अंकात एली कार्तां यांनी त्यावर आपली निरीक्षणं छापली. १९३९ मध्ये चर्न यांनी त्यात भर घातली. कोसंबी-कार्तां-चर्न असं तिघांचं नाव तिथे टिकलं.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी एक निरीक्षण नोंदवलंय, की एखादी कल्पना विद्येत पूर्ण मुरली की मूळ लेखाचा उल्लेख करायची गरज लोकांना वाटेनाशी होते. म्हणजे सर्वांत खोल गेलेला प्रभाव सूचीतून नाहीसा होतो. कोसंबींच्या बाबतीत हे दोन्ही बाजूंनी घडलं. विज्ञानात सूत्र राहिलं आणि लेख गळाला. इतिहासात तर त्यांची विचार करायची रीतच लोकांनी उचलली. भारतातली सरंजामशाही वरून (राजाकडून) आणि खालून (गावातून) अशी दोन टप्प्यांत आली, ही मांडणी त्यांनी १९५६ मध्ये केली. रामशरण शर्मांचा सरंजामशाहीवरचा ग्रंथ १९६५ चा. त्यानंतर झालेला सगळा वाद याच जमिनीवर उभा आहे.

पण मला ज्या गोष्टीबद्दल खरं बोलायचं आहे ती या पाच कपाटांच्या मधल्या जागेतली आहे.

कोसंबींनी स्वतःच एका निबंधात आपला प्रवास सांगितला आहे. संख्याशास्त्र शिकायचं तर हाताशी एखादा खरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी जुनी नाणी घेतली. नाणी मोजता मोजता ती पाडली कुणी, हा प्रश्न आला. त्यासाठी जुने ग्रंथ वाचणं आलं, ग्रंथांसाठी संस्कृत पक्कं करणं आलं, आणि संस्कृत पक्कं करायला त्यांनी भर्तृहरी हाती घेतला. भर्तृहरीचा पाठच ठरलेला नाही हे लक्षात आल्यावर हस्तलिखितं गोळा करायला लागले. वाचायला हे सरळ वाटतं. प्रत्यक्षात यातली प्रत्येक पायरी म्हणजे वर्षानुवर्षांचं काम आहे.

नाण्यांचंच बघा. तक्षशिलेच्या भीर टेकाडावर १९२४ मध्ये चांदीच्या आहत नाण्यांचा मोठा साठा सापडला, हजाराहून जास्त नाणी, आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडरची अगदी कोरी नाणी. आहत नाण्यांवर ना राजाचं नाव, ना साल. नुसते ठसे: सूर्य, डोंगर, प्राणी. तज्ज्ञ ठशांचे अर्थ लावत बसले होते. कोसंबींनी तराजू घेतला. नाणं हातोहात फिरतं, दर वेळी त्याची अगदी थोडी चांदी झिजते. ही झीज कुणाच्या ठरवण्यानं होत नाही, ती योगायोगाची असते. पण हजार नाण्यांची मिळून ती नियमानं वागते. सरासरी वजन काळानुसार उतरत जातं, आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. आधी त्यांनी आपल्या काळातली, पाडल्याचं साल माहीत असलेली चलनी नाणी तोलून हा नियम तपासला आणि मग तो तक्षशिलेला लावला. नाण्याच्या मागच्या बाजूला बारीक ठसे असतात. हे ठसे जितके जास्त तितकं सरासरी वजन कमी, हे त्यांना आढळलं. म्हणजे ठराविक काळानं कुणीतरी ती नाणी तपासून खूण करत होतं, आणि कोसंबींच्या मते हे करणारे व्यापारी होते. एका तराजूतून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेची शिस्त दिसायला लागली. हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला जो आनंद झाला त्याला उपमा नाही.

आता याच्या शेजारी भर्तृहरी ठेवा. सुभाषितं हातोहात फिरतात. नकल करणारा एखादा श्लोक गाळतो, एखादा आवडता श्लोक भर्तृहरीच्या नावावर घालतो. शेकडो हस्तलिखितांची तुलना करून कोसंबींनी १९४८ च्या आवृत्तीत श्लोकांचे तीन गट केले. जवळपास सगळ्या परंपरांत सापडणारे २००, मग संशयित, आणि मग जिकडून तिकडून शिरलेले मोठे शेपूट. एकूण साडेआठशेच्या वर श्लोक, आणि त्यांतले खात्रीनं जुने म्हणावेत असे फक्त २००.

आणि आता ती चार पानं. तिथे काय आहे? पिढ्यांमागून पिढ्या हातोहात दिली जाणारी गुणसूत्रं, दर वेळी होणारी योगायोगाची अदलाबदल, आणि त्या अदलाबदलीच्या प्रमाणावरून मूळ रचना ओळखण्याचा प्रयत्न.

हे तिन्ही प्रश्न एकच आहेत, असं मला ठामपणे वाटतं. हस्तांतरात वस्तू बदलते, हा बदल एकेका वस्तूत बेभरवशाचा असतो, पण समूहात त्याला नियम असतो, आणि तो नियम सापडला तर मागे जाऊन मूळ काय होतं ते सांगता येतं. नाण्यांचे लेख १९४० च्या सुमाराचे, आनुवंशिकीचा १९४३-४४ चा, भर्तृहरीची हस्तलिखितं त्याच दशकातली. एकाच टेबलावर ही कामं चालली होती. जनुकांच्या सूचीत नाण्यांच्या लेखाला सायटेशन मिळत नाही, नाण्यांच्या सूचीत भर्तृहरीला मिळत नाही. या तीन कामांना जोडणारा एकही धागा कुठल्याच सूचीत नाही, कारण त्यांनी एकमेकांचा आधार कागदावर घेतलेलाच नाही. तो आधार कोसंबींच्या डोक्यात होता. १९६३ मध्ये 'इंडो-इराणियन जर्नल' मध्ये त्यांनी भारतविद्येतल्या संयुक्त पद्धतींवर एक दीर्घ लेख लिहिला. पोथी, पुरातत्त्व, भाषा आणि आज खेड्यात चालणारे आचार यांना एकत्र वाचल्याशिवाय भागणार नाही, असं त्यात आग्रहानं सांगितलंय. ते स्वतः तसं करतच होते. पुण्याच्या आसपास पायी हिंडून गारगोटीची सूक्ष्म हत्यारं वेचायची, म्हसोबा आणि आईची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर का आहेत ते बघायचं, पालखीच्या मार्गाचा संबंध धनगरांच्या चराईच्या वाटांशी आणि त्याही आधीच्या माणसांच्या फिरण्याशी लावून बघायचा. गोव्यातल्या गावसंस्थेवर, म्हणजे आपल्या जन्मभूमीवर, त्यांनी याच पद्धतीनं लिहिलं.

या हिंडण्याचा धोकाही होता, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कोसंबींनी अविभाज्य संख्यांशी निगडित असलेल्या रीमान यांच्या प्रसिद्ध अनुमानाची सिद्धता संभाव्यतेच्या मार्गानं दिल्याचा दावा केला, आणि तो लेख छापला कुठे, तर कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात. गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही. अशा दाव्याची छाननी करू शकतील अशी माणसं त्या नियतकालिकाच्या आसपास नव्हती. विषयाची भिंत माणसाला अडवते तशी सांभाळतेही, पलीकडचे चार जाणकार चूक दाखवून देतात. त्या लेखानं त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. ते होमी भाभांच्या निमंत्रणावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले होते, पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला जात-येत होते. १९६२ मध्ये तिथला त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. १९६४ मध्ये ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडले गेले, आणि दोनच वर्षांनी, ५८ व्या वर्षी, गेले. रीमानवरचा लेख आजही कुठे कुठे उल्लेखला जातो. मोजणीत तो उल्लेखही एकच, आणि आनुवंशिकीच्या लेखाचा उल्लेखही एकच.

उल्लेख कशासाठी केला हे न बघता मोजणं किती फसवं असतं, याचं त्याहून चांगलं उदाहरण विद्याकरानं जमवलेल्या सुभाषितरत्नकोश या संस्कृत श्लोकसंग्रहाचं आहे. कोसंबी आणि वा. वि. गोखले यांनी त्याची आवृत्ती हार्वर्ड मालिकेत १९५७ मध्ये काढली. प्रस्तावनेत कोसंबींनी संस्कृत काव्याला वर्गाच्या नजरेतून तपासलं. त्याच मालिकेचे संपादक डॅनिअल इंगल्स यांना ते अजिबात पटलं नव्हतं. १९६५ मध्ये त्यांनी त्या सुभाषितांचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा या दृष्टीशी उघड मतभेद नोंदवले. आणि हे भाषांतर शक्य झालं ते कोसंबी-गोखल्यांनी पाठ ठरवून दिला होता म्हणून. एकाच माणसाशी भांडण आणि त्याच्याच कामावर उभं राहणं, दोन्ही एका पानावर. इकडे मराठीत विचारवंत शरद् पाटलांनी जातीच्या प्रश्नावर कोसंबींना कडवा विरोध केला. महाराष्ट्रात कोसंबी ज्यांनी वाचले त्यांतले पुष्कळ जण या वादामुळेच त्यांच्याकडे वळले. अभ्यास शिबिरं, पुस्तिका, नियतकालिकांतले लेख आणि प्रतिलेख, मराठीतला तो सगळा व्यवहार कुठल्याही सायटेशन सूचीला आजवर दिसलेला नाही. माझ्यासाठी मात्र विद्वानाच्या प्रभावाचा यापेक्षा मोठा पुरावा नाही.

२०१० मध्ये यूजीसीनं प्राध्यापकांचं काम आकड्यांत मोजणारे एपीआय गुण आणले, तेव्हापासून मी माणसांना शोधनिबंधांचे आकडे जुळवताना पाहिलं आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं त्या काळात गल्लोगल्ली उगवली. त्यांना आवरायला मान्य नियतकालिकांची केअर यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. मोजणीचा एक निकष गेला की दुसरा येतो. या सगळ्यात मी एक सुचवत आले. प्रत्येक प्राध्यापकाच्या तक्त्यासोबत त्याच्या विषयाबाहेरच्या एका माणसानं त्याचा एक निबंध खरोखर वाचून लिहिलेला अर्धा पानाचा अभिप्राय जोडावा. आमच्याकडे तसं झालं नाही, वेळ नाही असं सांगितलं गेलं. माझं मत बदललेलं नाही. संस्कृतच्या त्या सरांचं काम आमच्या संख्याशास्त्र विभागातल्या कुणी वाचलं असतं तर हस्तलिखितांच्या वंशावळी लावायला त्यांना केवढी मदत झाली असती, आणि त्या विभागालाही एक खरा प्रश्न मिळाला असता.

कोसंबींचं भारतविद्येवरचं लेखन २००२ मध्ये ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी एका संग्रहात आणलं, गणित आणि संख्याशास्त्रावरचं २०१६ मध्ये राम रामस्वामी यांनी. दोन्ही संग्रह उत्तम आहेत. दोन्हींचे वाचक वेगळे आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत जातात. नाण्यांवरचे लेख तर दोन्ही बाजूंच्या सीमेवर उभे. त्यांची आकडेमोड इतिहासकार सोडून देतात, आणि ठशांची चर्चा गणितवाले चाळून पुढे जातात. मला मनापासून वाटतं की पुण्यात एकदा नाणकशास्त्र जाणणारा, संख्याशास्त्र जाणणारा आणि पाठचिकित्सा जाणणारा अशा तिघांनी एकत्र बसून तक्षशिलेच्या नाण्यांवरचा एकच लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचावा. आज मिलिग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारे काटे आहेत, संग्रहालयांत नाणी आहेत. कोसंबींचा झिजेचा नियम किती टिकतो आणि कुठे मोडतो ते नव्यानं तपासता येईल. कुणी हे घडवून आणलं तर मी मागच्या बाकावर बसायला येईन, आणि नोंदी लिहून घ्यायचं काम आनंदानं करेन.